गळतीच्या छिद्राभोवती पाइप बाहेरून का झिजतो?

सोसायटी सचिव, इंदिरानगर, नाशिक

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरून महापालिकेची जुनी बिडाची जलवाहिनी जाते आणि तिच्यावरून जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी, पाइपची नळजोडणी आत आलेली आहे. गेल्या काही महिन्यांत या जोडणीला वारंवार गळती लागत आहे आणि दर वेळी ती आधीच्या दुरुस्तीपासून हात-दोन हातांच्या अंतरावरच निघते. पाइप जुना झाला आहे, एवढेच उत्तर मिळते. ते चूक नसेलही, परंतु त्याने माझे समाधान होत नाही, आणि त्याचे कारण मजजवळ असलेला पाइपचा तुकडा हे आहे.

शेवटच्या दुरुस्तीच्या वेळी कापून काढलेला हा वीतभर लांबीचा तुकडा मी धुऊन ठेवला आहे. त्यातील छिद्र ज्वारीच्या दाण्याएवढे आहे. छिद्राभोवती रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पाइप बाहेरच्या अंगाने घासला जाऊन खोलगट झालेला आहे, कडेकडून मध्याकडे जाड कमी कमी होत गेली आहे आणि छिद्राच्या काठाशी ती कागदाइतकी उरली आहे. त्या खोलगट भागावर जस्ताचा थर नाही, गंजाचे पापुद्रेही नाहीत. काढला त्या दिवशी तेथे उजळ धातू दिसत होता. उलट आतून पाहिले तर गंजाच्या गाठी अगदी छिद्राच्या काठापर्यंत जशाच्या तशा आहेत. पाणी आतून वाहत असताना झीज बाहेरून कशी झाली? गळती आणि ही झीज यांत आधी कोण आणि मागून कोण? आणि गळती दिसल्यावर दुरुस्तीला आठ-पंधरा दिवस लागले, तर वाया जाणाऱ्या पाण्याखेरीज पाइपचे आणखी काही नुकसान होते का? या विषयाची माहिती असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त अभियंता, पाणीपुरवठा विभाग

आपण तुकडा जपून ठेवलात हे फार चांगले केले, कारण आपण वर्णन केलेली खूण नेमकी आहे आणि ती बहुतेक वेळा भंगारात जाते. आधी गळती आणि मग झीज, असाच क्रम येथे दिसतो. पहिले बारीक छिद्र गंजाने, आट्यांजवळच्या ओरखड्याने किंवा एखाद्या दगडाच्या टोकाने पडले असेल. मात्र त्यानंतर ते मोठे करण्याचे काम त्यातून निघणाऱ्या पाण्याने आणि बाहेरच्या वाळूने मिळून केले आहे.

पाइपमध्ये 20 मीटर उंचीच्या पाण्याएवढा, म्हणजे आपले कारागीर ज्याला दोन किलोचे प्रेशर म्हणतात तेवढा, दाब असेल, तर छिद्रातून सुटणाऱ्या धारेचा वेग सैद्धांतिकदृष्ट्या सेकंदाला सुमारे 20 मीटर, म्हणजे ताशी 70 किलोमीटरच्या वर जातो. दाब 10 मीटर असला तरी तो सेकंदाला 14 मीटर भरतो. ही धार हवेत उडाली असती तर पाइपला काहीच झाले नसते. परंतु जमिनीत तिच्यासमोर भराव असतो. भराव वाळूचा किंवा बारीक मुरुमाचा असेल, तर धार छिद्राच्या तोंडाशी कणांना एकमेकांपासून सुटे करते आणि तेथे एक छोटी पोकळी तयार होते, जिच्यात वाळू आणि पाणी रटरट शिजणाऱ्या भातासारखे अखंड फिरत राहतात. कण धारेबरोबर वर उडतात, वेग संपला की कडेने खाली येतात, पाइपच्या पृष्ठभागावरून घसरत पुन्हा छिद्राच्या तोंडाशी पोहोचतात आणि धार त्यांना पुन्हा उचलते. पाणी चालू असेपर्यंत हे चक्र थांबत नाही. पाइपच्या बाहेरच्या अंगावर, छिद्राभोवती गोलाकार झीज होते ती या घसरणाऱ्या आणि आदळणाऱ्या कणांमुळे. गंज धरायला लागला की तोही खरवडला जातो, म्हणून आपल्याला तेथे उजळ धातू दिसला, आणि उघडा पडलेला ताजा धातू पुन्हा गंजायला मोकळा होतो. गंज आणि घर्षण अशी एकमेकांना मदत करू लागली की जाड फार लवकर उतरते.

हा केवळ अंदाज नाही. 2013 मध्ये ब्रिटन आणि दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी काचेच्या बारीक मण्यांच्या थराखालून पाण्याची धार सोडून प्रयोगशाळेत ही पोकळी प्रत्यक्ष पाहिली. धारेची बहुतेक ऊर्जा छिद्रालगतच्या त्या लहानशा फिरत्या भागातच खर्च होते, असे त्यांना आढळले. याचा एक अर्थ असा की आत एवढी उलथापालथ चालू असतानाही वरच्या मातीला काही जाणवेलच असे नाही. रस्ता कोरडा आहे म्हणून खाली सारे ठीक आहे, असे समजणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

आपल्या भागाची एक गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून चर भरताना क्रश सँड किंवा खडीची डस्ट सर्रास वापरली जाते. हे कण बेसॉल्ट फोडून केलेले, कोनदार आणि धारदार असतात, आणि बेसॉल्टमधील फेल्डस्पार व पायरॉक्सीन ही खनिजे साध्या पोलादापेक्षा कठीण आहेत. जस्ताचा थर तर त्यांच्यापुढे अगदीच मऊ. नदीच्या गोटीव वाळूपेक्षा असे कोनदार कण अधिक खरवडतात आणि त्यात अर्धा इंची जीआय पाइपची मूळ जाडच अडीच-तीन मिलिमीटर असते.

दिरंगाईने काय होते, याचा हिशेब करून पाहा. 20 मीटर दाबाला 3 मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून मिनिटाला साधारण 5 लिटर, म्हणजे तासाला 300 लिटर पाणी जाते. झिजून व्यास 6 मिलिमीटर झाला की क्षेत्रफळ चौपट होते आणि तेच छिद्र तासाला 1200 लिटर पाणी सोडते. पहिल्या दिवशीची गळती आणि पंधराव्या दिवशीची गळती ही एकच नसते, हे मला आपल्या सर्वांपर्यंत पोहोचवायचे आहे. कार्यालयात तक्रारीचा कागद जागच्या जागी असतो, छिद्र मात्र वाढत असते.

शेजारच्या वाहिन्यांचाही विचार करावा लागतो. धारेच्या तोंडासमोर थोड्या अंतरावर दुसरा पाइप असेल, तर वाळूमिश्रित धार त्यालाही भोक पाडू शकते. मलेशियात पाण्याच्या गळक्या पाइपमुळे शेजारच्या पोलादी गॅसवाहिनीची भिंत अशा रीतीने झिजून ती फुटल्याची घटना अभियांत्रिकी नियतकालिकात नोंदलेली आहे. नाशिकमध्ये आता घरगुती गॅसच्या वाहिन्या त्याच रस्त्यांच्या कडेने टाकल्या जात आहेत, तेव्हा दोन वाहिन्यांमधील अंतर पाळणे ही कागदावरची औपचारिकता समजू नये.

स्थापत्य अभियांत्रिकीची अध्यापिका, विषय मृदा यांत्रिकी

अभियंतासाहेबांचे विवेचन वाळूच्या भरावाला तंतोतंत लागू आहे. मात्र नाशिकची मूळ जमीन वाळूची नाही. बेसॉल्टच्या झिजेतून तयार झालेली काळी माती आणि तिच्याखाली मुरूम, अशी आपली बहुतेक जमीन आहे, आणि काळ्या मातीतील कण इतके सूक्ष्म आणि एकमेकांना धरून असतात की धारेपुढे ते वाळूसारखे सुटे होऊन फिरत नाहीत. काळ्या मातीत गळतीचे नुकसान वेगळ्या वाटेने होते, आणि माझ्या मते मोठ्या व्यासाच्या जुन्या बिडाच्या वाहिन्यांसाठी ती वाट अधिक घातक आहे.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. वैशाखात कोणत्याही मोकळ्या प्लॉटवर त्या दिसतात. सगळी जमीन एकसारखी फुगली वा आकसली असती तर पाइपही तिच्याबरोबर थोडा वर-खाली झाला असता. परंतु गळतीने फक्त चार-पाच फुटांचा पट्टा ओला होतो आणि दोन्ही बाजूंची जमीन कोरडीच राहते. मग पाइपचा मधला भाग वर उचलला जातो आणि टोके जागच्या जागी राहतात. बीड दाब सोसते, वाकणे सोसत नाही. पाइपला घेर धरून सरळ बांगडीच्या मापाने चीर जाते किंवा सांध्यातील शिसे सैल होते. आपल्याकडे गळती दुरुस्तीच्या जागेपासून हात-दोन हातांवर पुन्हा निघते, त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण येथे आहे: ओल्या आणि कोरड्या मातीच्या सीमेवर पाइपवर सर्वाधिक ताण येतो, आणि ती सीमा गळतीच्या बिंदूवर नसून त्याच्या दोन्ही बाजूंना असते.

दुसरे असे की चर ही मूळ जमीन नसते. काळ्या मातीत खणलेल्या आणि सैल मुरुमाने भरलेल्या चरातून पाणी सहज धावते, बाजूंची चिकणमाती त्याला अडवून धरते, आणि पाणी पाइपच्या खालून, पाइपच्याच दिशेने, उताराकडे जात राहते. वाटेत एखादा ड्रेनेजचा चेंबर किंवा पावसाळी गटार लागले की ते त्यात उतरते आणि बरोबर बारीक माती घेऊन जाते. पाइपखालचा आधार असा कणाकणाने निघून गेला की पाइप दोन टोकांवर टेकलेल्या तुळईप्रमाणे अधांतरी राहतो. त्यावरून पाण्याचा टँकर गेला की उरलेले काम होते. त्यामुळे ज्या गळतीचे पाणी रस्त्यावर येते ती त्यातल्या त्यात बरी, आणि जी गळती गटारात उतरते ती सर्वांत वाईट, असे मी विद्यार्थ्यांना सांगते. पावसाचा थेंब नसताना गटाराच्या चेंबरमध्ये स्वच्छ पाण्याची सततची धार दिसली, तर ती दुर्लक्षित करू नये.

गंजाबाबतही एक मुद्दा जोडते. ओलसर काळी माती वीज चांगली वाहून नेते, आणि ओल्या-कोरड्या पट्ट्यांमध्ये प्राणवायूचे प्रमाण निरनिराळे असल्याने एकाच पाइपचे दोन भाग विद्युतघटासारखे वागू लागतात. ज्या बाजूला प्राणवायू कमी तेथील लोखंड विरघळते. बिडाच्या बाबतीत हे नुकसान डोळ्यांना दिसतही नाही. लोखंड निघून जाते, ग्रॅफाइट जागेवर राहते, पाइपचा आकार शाबूत दिसतो. प्रत्यक्षात मात्र तो भाग चाकूने खरवडता येण्याइतका मऊ झालेला असतो.

नळकारागीर, सातपूर

वरच्या दोन्ही उत्तरांतील गोष्टी खड्ड्यात उतरल्यावर हाताला लागतात, म्हणून कामाच्या बाजूने थोडे लिहितो.

गळतीच्या जागी क्लॅम्प बसवून खड्डा बुजवला, हे बहुतेक ठिकाणी होते. क्लॅम्प वाईट नाही, पण तो चांगल्या अंगावर बसला पाहिजे. छिद्राभोवतीची जाड उतरलेली असेल तर रबर त्या पातळ भागावरच टेकते आणि बोल्ट आवळताना पाइप तेथेच चेपतो. म्हणून मी आधी पाइप दोन्ही बाजूंनी हात-दीड हात मोकळा करतो, तारेच्या ब्रशने साफ करतो आणि हातोडीने हलके ठोकून पाहतो. चांगले बीड खणखणीत वाजते, खाल्लेले बीड बद्द आवाज देते. छिन्नीचे टोक लावले आणि काळा भुगा निघाला तर तेथे क्लॅम्पच्या भानगडीत पडू नये. तेवढा तुकडा कापून नवा टाकावा आणि दोन्ही बाजूंना कॉलर लावाव्यात. जीआय जोडणीत तर तुकडे लावत बसण्यापेक्षा फेरूलपासून, म्हणजे मुख्य वाहिनीवर जोडणी जेथे बसते त्या तोटीपासून, मीटरपर्यंतची पूर्ण लाइन बदलणे स्वस्त पडते, कारण खड्ड्याचा आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च दर वेळी नव्याने द्यावा लागतो.

फेरूलचाही विचार करावा. फेरूल पितळेची आणि पाइप लोखंडाचा, त्यात भोवती ओल; अशा ठिकाणी पितळ टिकते आणि त्याच्याजवळचा लोखंडी आटा आधी जातो. आटे पाडताना जस्त निघालेले असतेच. बहुतेक जुन्या जोडण्यांची पहिली गळती मी याच जागी पाहिलेली आहे.

एक विनंती व्हॉल्व्ह उघडणाऱ्यांना आहे. दुरुस्ती झाल्यावर व्हॉल्व्ह सावकाश, थोडा थोडा उघडावा. रिकाम्या लाइनमध्ये हवा भरलेली असते; एकदम पाणी सोडले तर ते हवेला ढकलत येते आणि बंद टोकाशी हिसका बसतो. आज केलेले काम त्या हिसक्याने धरले तरी पलीकडचा कमकुवत सांधा सुटतो, आणि लोक म्हणतात की दुरुस्ती नीट झाली नाही.

सोसायटी सचिव, इंदिरानगर, नाशिक

आपणा तिघांचेही मनापासून आभार. तुकड्यावरील खुणा आता मला वाचता येतात. छिद्राच्या एका बाजूला झीज जास्त खोल आहे. बसवलेला असताना ती बाजू वरच्या अंगाला होती, हे दुरुस्तीच्या वेळच्या छायाचित्रावरून कळते.

यातून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पाणी ठरावीक वेळीच येत असल्याने उरलेला दिवस लाइन रिकामी असते. त्या वेळी या छिद्रातून बाहेरचे पाणी आत येते का, कारण आमच्या फाटकाजवळ ड्रेनेजचा चेंबर आहे? नवी लाइन प्लॅस्टिकची टाकली तर ही झीज टळेल का? आणि तळघरातील पार्किंगच्या भिंतीला अलीकडे ओल आली आहे, ती या गळतीची की आमच्या बोअरची, हे कसे ओळखावे?

निवृत्त अभियंता, पाणीपुरवठा विभाग

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे आणि तिन्हींत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पुरवठा बंद झाला की सखल भागातील नळांतून लाइन रिकामी होत जाते, उंचावरच्या भागात दाब हवेच्या दाबाखाली उतरतो, आणि सकाळी ज्या छिद्रातून पाणी बाहेर गेले त्याच छिद्रातून भोवतालच्या खड्ड्यात साचलेले पाणी आत ओढले जाते. कोणी नळाला थेट मोटार लावली असेल तर पुरवठ्याच्या वेळीही हेच घडते. गळतीने पोकळी जेवढी मोठी केली, तेवढा हा साठा मोठा. कावीळ आणि गॅस्ट्रोच्या साथीचा माग काढताना गळकी नळजोडणी आणि शेजारचे ड्रेनेज ही जोडी आधी तपासतात, ती यासाठीच. पाणी आल्यानंतर पहिली काही मिनिटे ते पिण्यासाठी भरू नये, लाइन बदलेपर्यंत उकळून घ्यावे, आणि ओटी चाचणीच्या, म्हणजे पाण्यात थेंब टाकून रंगावरून ओळखण्याच्या, साध्या संचाने क्लोरीन पाहावे. भारतीय मानक 10500 प्रमाणे ग्राहकाच्या नळाला मोकळा क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असायला हवा. शेजारच्या इमारतीत तो मिळतो आणि आपल्याकडे मिळत नाही, असे दिसले तर दोष आपल्या जोडणीत आहे, असे धरून चालावे.

प्लॅस्टिकच्या, म्हणजे एमडीपीई किंवा एचडीपीईच्या, पाइपला गंज लागत नाही आणि अखंड लांबी मिळाल्याने सांधे कमी होतात. नळजोडणीसाठी मी तोच सुचवेन. वाळूच्या घर्षणापासून तो पूर्ण मुक्त आहे असे नाही, आणि त्याला लांबीच्या दिशेने चीर गेली तर दाब वाढताच ती चीर उघडते. धातूच्या पाइपमधील गोल छिद्राची गळती दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दाब दुप्पट झाला तर गळती सुमारे दीडपटीच्या आत राहते. प्लॅस्टिकमधील लांब चिरेची गळती मात्र दुपटीच्याही पुढे जाऊ शकते. शिवाय धातूच्या पाइपवर लोखंडी कांब टेकवून गळतीचा आवाज ऐकता येतो, प्लॅस्टिकमध्ये तो आवाज लवकर विरतो. म्हणून नवा पाइप टाकताना त्याच्या जागेचा मोजमापांसह नकाशा करून ठेवा आणि फिटिंग चांगल्या प्रतीची घ्या. प्लॅस्टिकच्या जोडणीत पाइपपेक्षा फिटिंगच आधी गळते.

ओलीबाबत टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे उपकरण, उपयोगी पडेल. गंगापूर धरणाच्या, म्हणजे नळाच्या, पाण्यात क्षार बोअरच्या पाण्यापेक्षा बरेच कमी असतात. नळाचे, बोअरचे आणि भिंतीशी साचलेले अशा तिन्ही पाण्यांचे आकडे एका दिवशी घेऊन ताडून पाहा. भिंतीतून आणि मातीतून येताना पाणी थोडे क्षार उचलते, तेव्हा आकडा नळाच्या किंचित वर असला तरी तो नळाचाच समजावा. तेथे क्लोरीन मिळाला नाही म्हणून गळती नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये; मातीतून येताना क्लोरीन संपून जातो. पुरवठ्याच्या वेळेनंतर काही तासांनी ओल वाढते का, याचीही नोंद ठेवा.

स्थापत्य अभियांत्रिकीची अध्यापिका, विषय मृदा यांत्रिकी

भरावाबद्दल लिहायचे राहिले होते. जुन्या गळतीच्या जागेवरची सैल झालेली ओली माती पूर्ण काढून टाकावी, तिच्यावरच नवा पाइप ठेवू नये. तळाला आणि पाइपभोवती लहान-मोठे कण मिसळलेला भराव घालून तो 15-15 सेंटिमीटरच्या थरांनी ठोकून घ्यावा. एकाच बारीक मापाची सैल वाळू धारेपुढे सर्वांत लवकर सुटी होते, चांगला दाबलेला मिश्र भराव तिला बराच काळ अडवतो. पाइपला टेकणारे दगड वेचून काढावेत आणि खणलेली काळी माती पाइपला लागून परत टाकू नये. चेंबरच्या भिंतीला जेथे फट असेल ती बुजवावी, म्हणजे माती वाहून जायला वाट राहणार नाही, आणि शक्य असेल तर नवी लाइन चेंबरपासून दूर व ड्रेनेजच्या पातळीच्या वर ठेवावी.

आपल्या रस्त्याचे काँक्रिटीकरण होणार आहे का, याची चौकशी मात्र आजच करा. 2027 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात रस्त्यांची कामे निघाली आहेत, आणि एकदा काँक्रीट पडले की गळतीचे पाणी वर येण्याचा मार्ग बंद होऊन ते चरातूनच धावेल. काँक्रीटच्या आधी जोडणी बदलून मिळावी असा लेखी अर्ज द्या, त्याला तुकड्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे जोडा, आणि प्रत्येक दुरुस्तीची जागा फाटकाच्या खांबापासून किती मीटरवर होती, हे एका साध्या रेखाटनावर दाखवा. तुकडा स्वतःकडेच ठेवा, कार्यालयात देऊ नका. साइटवर पाहणीला येणाऱ्या अभियंत्याला तो हातात घेऊन पाहता आला पाहिजे.